बंद खोलीतली हवा

नमस्कार श्रोतेहो.

लग्नसराई जवळ आली की आपल्या सोलापुरात रंगाऱ्यांना आणि सुतारांना सवड मिळत नाही. भिंतींना नवा रंग, दारं-खिडक्यांना ऑइलपेंट, नव्या जोडप्याच्या खोलीत प्लायवूडचं कपाट आणि त्यावर सनमायका. हे सगळं उरकेपर्यंत पारा ४२ अंशांच्या वर गेलेला असतो. मग सकाळी अकरालाच आपण खिडक्या लावून घेतो, पडदे ओढतो. त्या बंद खोलीत जी हवा उरते, तिच्याविषयी मला आज बोलायचं आहे.

रंगाला, थिनरला, सनमायका चिकटवायच्या सोल्युशनला जो उग्र वास येतो, तो हवेत सहज उडून जाणाऱ्या कार्बनी पदार्थांचा असतो. त्यांना बाष्पनशील सेंद्रिय संयुगं म्हणतात, थोडक्यात व्हीओसी. टोल्युइन, झायलीन, बेंझीन, फॉर्माल्डिहाइड ही त्यांतली काही. यांनी डोळे चुरचुरतात, डोकं धरतं, दमेकऱ्याला धाप लागते. बेंझीनमुळे रक्ताचा कर्करोग होऊ शकतो, हे पक्कं सिद्ध झालेलं आहे. फॉर्माल्डिहाइडलाही जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली कर्करोगकारक ठरवलं. प्लायवूडचे थर ज्या रेझिनने चिकटवतात, त्यातून तो कितीतरी महिने थोडा थोडा बाहेर पडत राहतो. खोली जितकी गरम, तितका जास्त. म्हणजे ज्या दुपारी आपण खिडक्या घट्ट लावतो, त्याच दुपारी कपाट सर्वांत जास्त वायू सोडत असतं.

हे ओळखायचं कसं? पहिलं साधन नाक, पण ते फार भरवशाचं नाही. पंधरा-वीस मिनिटांत नाकाला सवय होते आणि वास गेलाच असं वाटतं. शिवाय आपल्या देशाच्या २००९ च्या मानकांनुसार एक घनमीटर हवेत बेंझीनची वार्षिक सरासरी ५ मायक्रोग्रॅमच्या वर जायला नको. नाकाला बेंझीन कळतं ते याच्या शेकडो पट झाल्यावर.

कारखान्यांत यासाठी हातात धरायचं एक यंत्र वापरतात. त्यात अतिनील किरणांचा छोटा दिवा असतो. किरण वाफेच्या रेणूवर पडले की रेणूतला इलेक्ट्रॉन सुटतो, बारीकसा विद्युतप्रवाह वाहतो आणि त्यावरून वाफेचं प्रमाण कळतं. नेहमीच्या दिव्याची ताकद १०.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट. बेंझीनला ९.२४ पुरतात, म्हणून ते लगेच पकडलं जातं. फॉर्माल्डिहाइडला मात्र १०.८८ लागतात. खोली त्याने भरलेली असली तरी हे यंत्र शून्य दाखवू शकतं! म्हणून कोणी यंत्र फिरवून ‘हवा स्वच्छ आहे’ म्हणालं, तर कोणत्या वायूसाठी मोजलं ते विचारा. ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त डब्यांमध्ये बहुतेक धातूच्या ऑक्साइडचा सेन्सर असतो. फोडणी दिली, उदबत्ती लावली, सॅनिटायझर चोळलं तरी त्याचा आकडा उसळतो. रंग दिल्यापासून आकडा उतरतो आहे की नाही, एवढं पाहायला तो बरा. त्यापलीकडे त्याच्यावर विसंबू नये. नेमकं नाव आणि नेमकं प्रमाण हवं असेल तर हवेचा नमुना शोषक भरलेल्या नळीत घेऊन प्रयोगशाळेतच तपासावा लागतो.

आता ही हवा साफ करण्याबद्दल. दुकानात एअर प्युरिफायर दाखवताना हेपा फिल्टरचं फार कौतुक होतं. धुळीसाठी ते योग्यच आहे. पण वायूचे रेणू हेपाच्या जाळीतून आरपार निघून जातात. वायू धरतो तो सक्रिय कोळसा, बहुधा नारळाच्या करवंटीपासून केलेला. त्याच्या एका ग्रॅमच्या आत इतकी सूक्ष्म छिद्रं असतात की त्यांचा पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या घरात जातो. तिथे टोल्युइन, झायलीन चिकटून बसतात. म्हणून फिल्टरमध्ये कोळसा किती वजनाचा आहे ते विचारा. काळा स्पंज लावलेला पातळ पडदा लवकरच भरतो आणि उन्हाने तापला की धरलेलं पुन्हा सोडूही लागतो. फॉर्माल्डिहाइड साध्या कोळशाला फारसा चिकटत नाही. त्यासाठी पोटॅशियम परमँगनेट लावलेले दाणे लागतात. ओझोन सोडणारी यंत्रं घरात आणूच नका, ओझोन स्वतःच फुप्फुसांना अपाय करतो. आणि कुंड्यांवरही भिस्त ठेवू नका. नासाचा १९८९ चा प्रयोग छोट्या बंद पेटीतला होता. खऱ्या खोलीत बाहेरची हवा आत-बाहेर होऊन एरवी जेवढं काम होतं, तेवढं झाडांकडून साधायला दर चौरस मीटरला किमान दहा झाडं लागतील, असं नंतरच्या हिशेबांतून दिसलं आहे.

सर्वांत मोठं काम मोकळी हवाच करते, आणि इथे आपला सोलापुरी कूलर एसीपेक्षा सरस ठरतो. एसी खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा फिरवतो. खिडकीत बसवलेला कूलर बाहेरची हवा ओल्या जाळीतून आत ढकलतो आणि आतली हवा समोरच्या उघड्या खिडकीतून बाहेर काढतो. नव्या रंगाच्या खोलीत निदान पहिला उन्हाळा कूलरच चालवा, तोही खिडकीतच. खोलीच्या मधोमध ठेवलेल्या कूलरने हे साधत नाही. शक्य असेल तर रंगकाम लग्नाच्या बरंच आधी उरका. राहायला जाण्यापूर्वी कपाटांची दारं, ड्रॉवर उघडे टाकून खोली उन्हात तापू द्या आणि दारं-खिडक्या सताड उघड्या ठेवा.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती चादरींच्या या गावात घरोघरी आहे. ट्रंकेत ठेवणीतल्या चादरींमध्ये आपण डांबराच्या गोळ्या टाकतो. त्या नॅफ्थलीनच्या असतात आणि हळूहळू वाफ होऊन कापडात मुरतात. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं विकर जन्मतःच कमी असतं. अशा बाळाला त्या कापडात गुंडाळलं तर त्याच्या तांबड्या पेशी फुटतात आणि जोराची कावीळ होऊ शकते. कोणत्या बाळात ही उणीव आहे, हे पाहून कळत नाही. तेव्हा आज्जींनो, मावशींनो, बाळंतविड्याच्या कपड्यांत गोळ्या नकोतच. ठेवणीतली चादर काढलीत तर ती धुऊन, वास पूर्ण जाईपर्यंत कडक उन्हात वाळवूनच बाळाजवळ न्या. कसरीसाठी कडुनिंबाचा वाळलेला पाला वापरता येतो.

शेवटी, जे दिवसभर या वाफेतच काम करतात त्यांच्यासाठी. रंगारी, गाड्यांना स्प्रे मारणारे, चपला चिकटवणारे कारागीर बहुतेक तोंडाला रुमाल बांधतात. रुमालाने वाफ अडत नाही, कोविडच्या काळातल्या एन-९५ नेही अडत नाही. कोळशाची डबी लावलेला, सेंद्रिय वाफांसाठीचा मास्क लागतो. मास्क घातलेला असतानाही थिनरचा वास येऊ लागला तर तो चेहऱ्यावर नीट बसलेला नाही किंवा डबी भरली आहे. लगेच बाहेर मोकळ्या हवेत या, मास्क तपासा, डबी बदला. वास आला नाही तरी डबी ठरलेल्या मुदतीत बदलायची, आणि काम नसताना ती हवाबंद पिशवीत ठेवायची. उघडी राहिली तर ती दुकानातल्या हवेतली वाफ रात्रभर शोषत राहते.

नमस्कार.