वितळण्याआधीच बदलणारा सिलिकॉनचा पृष्ठभाग

नमस्कार. नांदेड, परभणी, लातूरकडे बीएस्सीला अर्धवाहक शिकताना आपण डायोड आणि ट्रान्झिस्टरपर्यंत पोहोचतो. आज त्याच सिलिकॉनच्या अगदी वरच्या दोन-तीन थरांविषयी बोलू.

सिलिकॉन १४१४ अंश सेल्सिअसला वितळते. मात्र १११ प्रतलावर (स्फटिकातील अणूंच्या एका ठरावीक दिशेच्या पातळीवर) कापलेल्या स्फटिकाचा पृष्ठभाग त्याच्या बराच आधी, साधारण ८३० ते ८७० अंशांच्या टप्प्यात, आपली मांडणी मोडतो आणि आतला स्फटिक मात्र जसाच्या तसा राहतो. थंड स्थितीत या पृष्ठभागावर ‘सात बाय सात’ रचना असते: मूळ जाळीच्या ४९ घरांचा एक मोठा चौकटा, ज्यात लोंबकळणारे बंध (जोडीदार अणू न मिळालेले मोकळे बंध) ४९ वरून १९ वर येतात. १९५९ साली श्लायर आणि फार्न्सवर्थ यांना ती विवर्तनात, म्हणजे स्फटिकावरून विखुरलेल्या इलेक्ट्रॉनांच्या ठिपक्यांच्या नक्षीत, दिसली. नेमके कोणते अणू कुठे बसतात, हे ताकायानागी व सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये उलगडले.

क्ष-किरण खोलवर शिरतात, म्हणून येथे थोड्या ऊर्जेचे इलेक्ट्रॉन वापरतात. अतिउच्च निर्वातात नमुन्यातूनच वीजप्रवाह सोडून तो तापवतात. पडद्यावर मुख्य ठिपक्यांच्या मध्ये सहा-सहा बारीक ठिपके दिसत असतात. तापमान चढत गेले की ते फिके पडून नाहीसे होतात आणि मुख्य ठिपके तेवढे उरतात. अडचण अशी, की तापवणाऱ्या प्रवाहाचे चुंबकीय क्षेत्र मंद इलेक्ट्रॉनांना वाकवते. त्यामुळे प्रवाह खंडित ठेवून, तो बंद असलेल्या क्षणांतच मोजमाप घेण्याची युक्ती करतात. मला स्वतःला ही युक्ती फार आवडते.

खरी गंमत थंड करताना आहे. बालाघाटच्या डोंगरात बेसाल्टचे थर पायऱ्यापायऱ्यांनी उतरतात, तशा या पृष्ठभागावरही पायऱ्या असतात, फक्त एकेकीची उंची सुमारे ०.३१ नॅनोमीटर. बाउअर आणि टेलिप्स यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पाहिले, की सात बाय सातची बेटे पायरीच्या वरच्या कडेला उगवतात आणि तेथून सपाटीवर पसरतात. तापमान सावकाश उतरवले, तर ती एकमेकांना भिडून सगळा पृष्ठभाग व्यापतात. प्रवाह एकदम तोडला, तर त्रिकोणी बेटांच्या मधल्या जागेत अणूंची विस्कळीत मांडणी तशीच गोठून राहते, आणि नमुना खोलीच्या तापमानाला आल्यावरही ती दिसते.