बोडीतलं पळणं अन् रोडवरचं पळणं

या ना बे पुढं, मागं काहून उभे? मले व्यायामावर बोला म्हणलं होतं, पण इथं अर्धे पोट्टे पोलीस भरतीचे, 1600 मीटरवाले, अन् त्यातल्या तिघाचौघांच्या नडग्या दुखतात हे येता येता चहाच्या टपरीवरच समजलं, मग म्हटलं त्याच्यावरच बोलू.

रोडवर पळताना दर पावलाले खालून वजनाच्या दोन-तीन पट मार बसते. 60 किलोचा पोट्टा म्हणजे 120 ते 180 किलो, तेही एका पायावर, अन् 1600 मीटरमध्ये अशी हजाराच्या वर पावलं. हाच पोट्टा बोडीत, म्हणजे आपल्या शेताजवळच्या लहान तळ्यात, कंबरभर पाण्यात उभा केला तर पायावर वजन राहते अर्धं, छातीइतक्या पाण्यात तिसरा हिस्सा, गळ्यापर्यंत गेला तर पाच-सात किलो फक्त.

मग सोपं जाते का? नाही ना राजेहो. धानाच्या रोवणीच्या टायमाले बांधीत, म्हणजे पाणी भरलेल्या शेतात, वावरणाऱ्या बायांले विचारा मांड्या काय म्हणतात ते (तिथं चिखलही असते, ते सोडा). पाणी हवेपेक्षा 800 पट दाट, अन् स्पीड डबल केला की ते चौपट अडवते. पाय पुढं न्यायले जोर, मागं आणायलेही जोर. पण आपटणं नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी अंग कमी ठणकते.

गंमत नाडीची हाय. गळ्याइतक्या पाण्यात पाण्याचा दाब पायातलं अन् पोटातलं रक्त वर छातीकडं ढकलते, पाऊण लिटरच्या जवळपास, मग हृदय जास्त भरते, एका ठोक्यात जास्त रक्त फेकते अन् तेवढ्याच मेहनतीत ठोके मिनिटाले 10-15 कमी पडतात. म्हणजे मनगटावरचं घड्याळ पाहून 'आज काही दम लागला नाही' असं समजू नका, दम लागला का ते श्वासावरून पाहा. अन् हो, ज्यानं आत्ता हसत हसत विचारलं ना की पाण्यात उतरलं की लघवीले काहून लागते, त्याचंही कारण हेच, हृदय ताणलं की शरीराले वाटते पाणी जास्त झालं, काढा बाहेर.

पण हाडाले मार लागतो म्हणूनच हाड पक्कं होते, अन् पोटरीखालची शीर (रक्ताची नाही, पोटरीले टाचेशी बांधणारी) जी स्प्रिंगसारखी ताणून सुटते ते काम पाण्यात फारसं होत नाही. महिनाभर नुसतं बोडीत पळून डायरेक्ट ग्राउंडवर गेला तर नडगी पुन्हा धरणारच. दुखणं असेपर्यंत पाणी, मग आठवड्यातून दोनदा मातीवर, मग वाढवा. अन् बोट लावल्यावर एकाच जागी हाड दुखत असेल तर पळणं बंद, आधी डॉक्टर.

बोडीत एकट्यानं उतरायचं नाही, गाळ कुठं किती हाय कोणाले माहीत नसते. काठावर दोरी घेऊन एक जण पाहिजे, पोहता न येणाऱ्यानं कंबरेच्या पुढं जायचंच नाही. धरून तरंगायले ट्रॅक्टरची जुनी ट्यूब कोणाच्या घरी हाय? पंक्चर काढून आणा उद्या, सकाळी 6 ले.