माळावरचे पाणी

श्रोतेहो, नमस्कार.

पावसाळ्यात कोल्हापूरकर एकमेकांना भेटले, की ख्यालीखुशालीच्या आधी पंचगंगेच्या पाण्याची चौकशी करतात. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे इशारा पातळी आणि 43 फूट म्हणजे धोका पातळी, हे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असते. शिवाजी पुलाजवळ पाणी ठरावीक खुणेला टेकले, की ‘मच्छिंद्री झाली’ असे जुनीजाणती माणसे म्हणतात. 2019 च्या ऑगस्टमध्ये हे पाणी 55 फुटांच्या वर गेले आणि त्यानंतर दोनच वर्षांत, 2021 च्या जुलैमध्ये, त्याने 56 फुटांची पातळी गाठली. पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, 1950 ते 2015 या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या आहेत. तेव्हा असा पूर शंभर वर्षांतून एकदाच येतो, अशा समजुतीवर विसंबून राहणे आता परवडणारे नाही.

या पार्श्वभूमीवर विद्यापीठांनी आपत्तीची तयारी कशी करावी, याविषयी मी बोलणार आहे, आणि त्यासाठी शिवाजी विद्यापीठाचे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. 18 नोव्हेंबर 1962 रोजी स्थापन झालेले हे विद्यापीठ शहराच्या पूर्वेकडील सागरमाळावर, सुमारे 850 एकरांत पसरले आहे. माळ म्हटला, की पाण्याचे दुर्भिक्ष आलेच. पडलेला पाऊस उतारावरून धावत निघून जातो आणि उन्हाळ्यात विहिरींचा तळ दिसू लागतो. हे धावते पाणी जागोजागी चर आणि बांध घालून अडवणे, तळ्यांत साठवणे, विहिरींत मुरवणे आणि शुद्ध करून वापरणे, ही कामे विद्यापीठाने वर्षानुवर्षे नेटाने केली. 2019 च्या महापुरात शहराची पाणी उपसा केंद्रेच बुडाली आणि चहूकडे पाणी असताना घराघरांतले नळ मात्र कोरडे पडले. त्या वेळी माळावरचे हे पाणी टँकरने शहराच्या कामी आले. दुष्काळासाठी केलेली तजवीज पुरात उपयोगी पडली. आपत्तीच्या तयारीचा विचार मी करतो, तो याच अंगाने: रोजच्या वापरात असलेली व्यवस्थाच संकटात टिकते, केवळ संकटासाठी म्हणून बाजूला ठेवलेली व्यवस्था बहुधा गंजलेली निघते.

याचा एक अनुभव सांगतो. एका महाविद्यालयात आगीच्या प्रसंगाची रंगीत तालीम पाहण्याचा योग मला आला होता. घंटा झाली, मुले शिस्तीने मागच्या जिन्याने खाली उतरली आणि शेवटच्या पायरीवर अडली, कारण बाहेरच्या लोखंडी दाराला कुलूप होते. किल्ली ज्या शिपायाकडे होती, तो त्या दिवशी रजेवर होता. भिंतीवर आपत्ती व्यवस्थापन समितीचा फलक होता, त्यावर नावे आणि दूरध्वनी क्रमांकही होते. पण ती किल्ली कोणाकडे असते, हे त्या फलकावर कुठेही लिहिलेले नव्हते. मुले दहा मिनिटे अंधाऱ्या जिन्यात उभी होती. खरा धूर असता तर काय झाले असते, हा विचार आजही माझ्या मनातून जात नाही.

म्हणून प्रत्येक विद्यापीठाने आधी आपले आवार पायी फिरून पाहावे, तेही पहिल्या मोठ्या पावसात, छत्री घेऊन. पाणी कुठून येते, कुठे तुंबते, कोणत्या इमारतीच्या पायरीला लागते, हे नकाशापेक्षा त्या फेरीत अधिक नीट समजते. वीज गेल्यावर चालवायचे जनित्र तळघरात असेल, तर नेमक्या गरजेच्या वेळी तेच सर्वांत आधी बुडेल. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सोडियमसारखा पाण्याशी पेट घेणारा पदार्थ खालच्या फडताळात असेल, तर तो आजच वर हलवायला हवा. ग्रंथालयाचेही तसेच आहे. भिजलेल्या पुस्तकांवर दोन दिवसांत बुरशी धरू लागते. लगेच वाळवणे शक्य नसेल, तर ती गोठवून ठेवल्यास सवड मिळते. पण एवढा मोठा शीतकक्ष जवळपास कुठे आहे, याची विचारपूस पूर येण्याआधीच झालेली असली पाहिजे.

विजा आणि उन्हाळा यांचीही दखल घ्यावी लागेल. वळवाच्या दिवसांत मोकळ्या मैदानावर खेळणाऱ्या मुलांना ‘दामिनी’ या मोबाइल अ‍ॅपवरून विजेची पूर्वसूचना मिळू शकते, आणि वसतिगृहाच्या गच्चीला पांढरा चुना दिला, तरी वरच्या मजल्यावरच्या खोल्या थोड्या निवतात.

मात्र या सगळ्यांत मला सर्वांत जवळचा वाटतो तो वसतिगृहातल्या मुलामुलींचा प्रश्न. माळावरच्या खोलीत बसलेली विद्यार्थिनी स्वतः सुरक्षित असते, पण तिचे घर शिरोळ तालुक्यात किंवा चिखली-आंबेवाडीत असेल, तर तिथे छपरापर्यंत पाणी आलेले असते, फोन लागत नसतो आणि गोठ्यातल्या जनावरांचे काय झाले, हे कळायला मार्ग नसतो. अशा वेळी तिच्याशी बोलणारे माणूस हवे, तिची परीक्षा पुढे ढकलण्याचा अधिकार कोणाला आहे हे ठरलेले हवे, आणि पुरात वाहून गेलेल्या गुणपत्रिकेची दुसरी प्रत तिला विनाशुल्क, हेलपाटे न घालता मिळायला हवी. शिक्षक आणि कर्मचारी पुरामुळे अडकून पडले, तर खानावळ कोण चालवणार, हेही आधीच ठरवावे लागते. राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक अशा कामात फार उपयोगी पडतात. राज्यातील विद्यापीठांच्या स्वयंसेवकांसाठी ‘आव्हान’ नावाचे आपत्ती प्रशिक्षण शिबिर भरते, तिथून शिकून आलेल्या मुलांना आवारात निश्चित जबाबदारी द्यावी.

जूनमध्ये मृग निघण्याआधी वसतिगृहाच्या प्रत्येक अधीक्षकाने एक वही करावी. कोणाचे गाव नदीकाठी आहे, कोणाला रोज औषध लागते, कोणाला पोहता येते, कोणाला जिना उतरताना आधार लागतो, हे त्या वहीत मुलांच्याच हातून लिहून घ्यावे, आणि वहीची एक प्रत फाटकावरच्या पहारेकऱ्याकडे ठेवावी, कारण मध्यरात्री पाणी वाढले, तर त्या वेळी जागा असतो तो तोच.