भाड्याचं घर, हक्काचं छप्पर

पॅरिस. इथे तीन कुटुंबांपैकी जेमतेम एक कुटुंब स्वतःच्या मालकीच्या घरात राहतं.

म्हणून फ्रेंच माणसाला घराची हौस नाही, असं कुणी समजू नये. देशभराचा हिशेब काढला तर १०० पैकी साधारण ५८ कुटुंबं घरमालक आहेत. २००७च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत निकोला सार्कोझींनी तर सगळा फ्रान्सच घरमालकांचा करण्याचं स्वप्न दाखवलं होतं. काही पॅरिसकर शहरात भाड्यानेच राहतात आणि पहिलं घर विकत घेतात ते दूर नॉर्मंडीत, सुट्टीत जायला.

त्यांना हे परवडतं, कारण कायदा भाडेकरूच्या पाठीशी उभा आहे.

६ जुलै १९८९चा कायदा. रिकामं, म्हणजे सामानसुमानाशिवाय दिलेलं घर असेल, तर करार किमान ३ वर्षांचा. मुदत संपली तरी तो आपोआप पुढे चालू राहतो. मालकाला घर परत हवं असेल तर ६ महिने आधी लेखी कळवावं लागतं, आणि कारणही तसंच लागतं: घर विकायचंय, स्वतःला किंवा जवळच्या नातलगाला राहायचंय, किंवा भाडेकरूने खरोखर काही गंभीर केलंय. भाडेकरूला मात्र पॅरिससारख्या शहरात एका महिन्याची नोटीस पुरते. अनामत? एका महिन्याचं भाडं, बस्स.

भाडेकरूच्या आणखी एका संरक्षणामागे एक जुनी जखम आहे. १९५४चा हिवाळा. पॅरिसच्या रस्त्यावर एक बाई थंडीने गोठून मेली. घर खाली करण्याची नोटीस तिच्या हातातच होती. आबे पिएर या धर्मगुरूने रेडिओवरून मदतीची हाक दिली आणि सगळा देश हलला. १९५६मध्ये हिवाळ्यात भाडेकरूला घराबाहेर काढण्यावर बंदी घालणारा कायदा झाला. आज १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या काळात भाडं थकलेल्या कुटुंबालाही सहसा घराबाहेर काढता येत नाही. थकबाकी माफ होत नाही, पण डोक्यावरचं छप्पर टिकतं. मला हे फार मोलाचं वाटतं.

पण हे सगळं संरक्षण उंबऱ्याच्या आत. उंबरा ओलांडणं महाकठीण.

टेबलावर घर भाड्याने मागणाऱ्याची ही फाइल बघा. शेवटच्या तीन पगारपावत्या. आयकराचा कागद. नोकरीचा करार, तोही कायमस्वरूपी असला तर उत्तम. पगार भाड्याच्या तिप्पट हवा. शिवाय एक जामीनदार, आणि त्याचीही हीच सगळी कागदपत्रं. एकदा घरात शिरलेल्या भाडेकरूला हलवणं अवघड, म्हणून मालक दारातच गाळणी लावतो.

त्या गाळणीत अडकतात ती कंत्राटी नोकरीवरची तरुण मुलं, परदेशातून शिकायला आलेले विद्यार्थी, एकट्या आया. ज्यांना जामीन राहायला कुणी नाही, त्यांच्यासाठी २०१६पासून ‘विझाल’ ही मोफत हमी योजना आहे. पण ती हमी मालकाला मान्य व्हायला हवी. अनेक मालकांना अजूनही आईवडिलांचीच सही लागते.