इथे जंगल होतं, असं धरून

(दृश्य : लाँगफेलो क्रीक, पश्चिम सिएटल. नोव्हेंबर. पाऊस.)

ओढ्यावरचा हा पादचारी पूल सॅमन माशाच्या सांगाड्यासारखा घडवलाय. फासळ्यांमधून चालत पलीकडे जायचं. खाली, दगडांच्या आडोशाला दिसतेय ती कोहो सॅमनची मादी. दीडेक वर्ष समुद्रात काढून ती गोड्या पाण्यात परत आली आहे. पोट अंड्यांनी भरलेलं आहे.

(निवेदन थांबतं. मासा कलंडतो, तोंड उघडतो, मिटतो. वीस सेकंद फक्त पाण्याचा आवाज.)

(दृश्य : देवदारांचं जंगल. शेवाळ. टपटपणाऱ्या फांद्या.)

सिएटल म्हणजे पावसाचं गाव, असं सगळे म्हणतात. आकडा ऐकून मात्र आपल्याकडचा माणूस चकित होईल. वर्षभरात साधारण ९५० मिलिमीटर! मुंबईच्या एकट्या जुलैत जवळपास तेवढा कोसळतो. इथे तो कोसळत नाही, झिमझिमत राहतो. ऑक्टोबर ते एप्रिल, दिवसचे दिवस.

जंगलात उभं राहा आणि पाहा, पाणी वाहताना कुठेच दिसत नाही. फांद्यांनी थोडं वरच्या वर धरलं. बाकीचं या मऊ थरात गेलं. हातातली काठी सहज आत जाते. कुजलेली पानं, लाकूड, मुळं, बुरशी. हातभर खोलीवर काठी अडकते.

तिथे अडकते याला कारण आहे. सुमारे १७ हजार वर्षांपूर्वी या जागेवर ९०० मीटर जाडीचं बर्फ होतं. त्या ओझ्याखाली गोटे, वाळू, माती दाबली जाऊन जो थर झाला, तो कुदळीला दाद देत नाही. म्हणजे इथलं जंगल सगळं पाणी खोल पाताळात धाडत नव्हतं. वरच्या हातभर मातीत धरून, तिथूनच आडवं, सावकाश, ओढ्याला पोचवत होतं.

आणि घरं बांधायला जागा मोकळी करताना बुलडोझर सगळ्यात आधी काय खरवडून नेतो? हाच हातभर थर.

(दृश्य : टेबल. नकाशांच्या गुंडाळ्या. पेन्सिल.)

हे माझं टेबल. नवीन वसाहतींच्या पाण्याच्या निचऱ्याचे आराखडे मी करते. तळी, चर, आणि मुरवण-वाफे, म्हणजे पावसाचं पाणी मातीत मुरावं म्हणून केलेले खोलगट, झाडं लावलेले वाफे. शाळेत असताना पुरंदर तालुक्यात श्रमदानाला जाऊन डोंगरउतारावर समतल चर खणले होते. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ असं भिंतींवर लिहिलेलं असायचं. इथे तेच वाक्य परवान्यात आहे, कलमं आणि आकडे घेऊन.

१९७२ साली अमेरिकेत स्वच्छ पाण्याचा कायदा झाला. कारखान्याच्या नळातून नदीत काही सोडायचं, तर परवाना लागू लागला. पावसाचं पाणी मात्र पावसाचंच, त्यात काय घाण असणार, अशी समजूत बराच काळ राहिली. १९८७च्या दुरुस्तीनं ती मोडली. रस्त्यावरचं पाणी जाळीतून नळात आणि नळातून ओढ्यात पडत असेल, तर त्या नळासाठी शहरानंही परवाना घ्यायचा. १९९०च्या नियमांनी मोठी शहरं आणि काउंटी, म्हणजे तिथले जिल्हे, या जाळ्यात आले, १९९९च्या नियमांनी लहान शहरं. इथे वॉशिंग्टन राज्यात हा परवाना राज्याचा इकॉलॉजी, म्हणजे पर्यावरण, विभाग देतो, आणि शहर त्यातल्या अटी बांधकाम करणाऱ्यापर्यंत पोचवतं.

सुरुवातीच्या अटींचा भर तळ्यांवर होता. खड्डा खणा, पाणी कोंडा, हळूहळू सोडा. प्यूजिट साउंडकीपर अलायन्स ही संस्था त्याविरुद्ध अपिलात गेली. तिचं म्हणणं होतं, नुसतं कोंडून भागत नाही. जिथे शक्य आहे तिथे पाणी पडल्या जागी मुरवणं सक्तीचं करा. २००८ साली राज्याच्या प्रदूषण नियंत्रण सुनावणी मंडळानं हे मान्य केलं. २०१२च्या परवान्यात ते कलम आलं. आता मला ‘इथे मुरवता येत नाही’ असं म्हणायचं असेल, तर का येत नाही हे ठरलेल्या निकषांवर लिहून सिद्ध करावं लागतं. नुसतं ‘जमत नाही’ चालत नाही.

नव्यानं किंवा बदलून केलेला कठीण पृष्ठभाग २,००० चौरस फुटांवर गेला, की जागेवरच पाणी सांभाळण्याची अट लागते. बरंसं घर आणि त्याचा ड्राइव्हवे, झाले दोन हजार. ५,०००च्या वर गेलात की सगळ्या नऊ अटी तपासायच्या.

त्यातली प्रवाहाची अट मला फार जवळची आहे. जागेवर आज काहीही असो, पडीक शेत, जुना गोदामाचा वाडा, गवत. बहुतेक ठिकाणी हिशेब करताना तिथे जंगल होतं, असं धरायचं. आणि आपल्या वसाहतीतून बाहेर पडणारा प्रवाह त्या जंगलातून जसा निघाला असता, त्याच्याशी जुळवून दाखवायचा. संगणकात मी जमिनीचा प्रकार निवडते, तेव्हा पहिल्या रकान्यात प्रत्येक वेळी लिहिते : जंगल.

(दृश्य : बांधकामाची जागा, सिएटलच्या उत्तरेला. सकाळ. खड्डा, पाण्याचा टँकर.)

आराखड्याचा पहिला आकडा या खड्ड्यातून येतो.

मुरवण-वाफ्याचा तळ जिथे येणार, तिथपर्यंत खणायचं. खड्ड्यात मोजपट्टी रोवायची. पाणी सोडायचं, हळू, काठ ढासळू न देता. पहिले सहा तास नुसतं भिजवायचं, कारण कोरडी माती पहिल्या घोटाला खोटं बोलते. मग तासभर पातळी एका रेषेवर राखायची आणि त्यासाठी किती पाणी ओतावं लागलं ते मीटरवर वाचायचं. मग तोटी बंद. आता पाणी किती उतरतं ते पाहत बसायचं.

(पट्टीवरची पाण्याची रेषा. घड्याळ. पट्टी.)

आम्ही पाहत बसलो. या जागेत ते तासाला इंचभरही उतरलं नाही. आणि जो आकडा येतो, तोही जसाच्या तसा धरायचा नसतो. जमीन चार पावलांवर बदलते, चाचणी लहान आहे, पुढे गाळानं छिद्रं बुजतील. हे सगळं धरून तो निम्म्याच्याही खाली आणायचा. मग त्यावर मापं काढायची. मुरवण कमी, म्हणून वाफा मोठा. वाफा मोठा, म्हणून एक घर कमी. बैठकीत आवाज चढतात ते इथे.

(दृश्य : साठवण तळं. मधला काँक्रीटचा मनोरा, त्याला वेगवेगळ्या उंचीवर छिद्रं.)

उरलेलं पाणी तळ्यात येतं. धरण पाहिलेल्या कुणालाही या तळ्याची रचना लगेच कळेल. सांडवा आहे, फक्त तो पायऱ्यापायऱ्यांचा आहे. तळाशी एक बारीक छिद्र, वर आणखी एक, त्यावर खाच, आणि अगदी वर पुराचं पाणी सुरक्षित बाहेर काढणारा आपत्कालीन सांडवा.

ही छिद्रं कुठे आणि केवढी, यासाठी आम्ही एखाद्या मोठ्या वादळाचा हिशेब करत नाही. कित्येक दशकांचा सलग पाऊस संगणकातल्या जमिनीवर पाडतो. एकदा जंगलावर, एकदा वसाहतीवर. मग पाहायचं, ओढा किती वेळ किती जोरात धावला. दर दोन वर्षांनी येऊ शकणाऱ्या प्रवाहाच्या निम्म्यापासून ते ५० वर्षांतून एकदाच्या प्रवाहापर्यंत, प्रत्येक पातळीवर वसाहतीचा काळ जंगलापेक्षा जास्त भरता कामा नये.

काळ का? कारण ओढ्याचा काठ एका पुरानं जेवढा खचतो, त्याहून जास्त तो रोजच्या मध्यम जोरानं, तासन् तास, कुरतडला जातो. सॅमनची अंडी ज्या खड्यांत असतात ते खडेच वाहून जातात. तळं पाणी अडवतं, पण शेवटी तेवढंच पाणी ओढ्याला जास्त वेळ सोडत राहतं. एखादं छिद्र बोटभर चुकलं, की ओढा दिवसभर जास्त धावतो.

तळ्यात गाळ बसतो. पहिल्या कप्प्यात जाड गाळ, पुढच्यात बारीक. गाळाबरोबर त्याला चिकटलेलंही बरंच काही बसतं. पण पाण्यात जे विरघळलंय, ते तळ्यात बसत नाही. ते धरायला माती लागते.

(दृश्य : मुरवण-वाफा भरताना. ट्रकमधून पडणारी काळी माती. हात.)

ही माती इथली नाही, मिसळून आणलेली आहे. मापानं ६० भाग वाळू, ४० भाग कंपोस्ट. वाळू पाण्याला वाट देते, कंपोस्ट घाणीला धरतं. निदान १८ इंच जाडी. वर पाणी साचायला जास्तीत जास्त १२ इंच जागा, आणि साचलेलं एका दिवसात ओसरलं पाहिजे, नाहीतर मुळं गुदमरतात. जिथे खालची जमीन पाणी घेतच नाही, तिथे तळाशी खडी आणि भोकांची नळी.

कंपोस्ट थोडं हात राखून वापरावं लागतं, हे अनुभवानं कळलं. सुरुवातीच्या पावसांत त्यातूनच फॉस्फरस आणि नायट्रेट बाहेर पडतं, आणि खाली तळं किंवा सरोवर असेल तर ते महागात पडतं. म्हणून आता अशा जागांसाठी दुसरं मिश्रण आलंय. ७० भाग वाळू, १० भाग लाकडाचा कोळसा, आणि २० भाग... हे ओळखा पाहू.

(दृश्य : तपकिरी भुसा, जवळून.)

काथ्या. नारळाच्या सोडणाचा भुसा. कोकणात अंगणात पडलेला असतो, तोच. इथल्या देवदारांच्या देशात तो पोत्यांतून येतो. पहिल्यांदा हातात घेतला, तेव्हा मी बराच वेळ तसाच धरून उभी होते.

झाडं वाफ्याच्या पातळ्या पाहून. तळाशी लव्हाळ्याच्या जातीची, पायाशी पाणी चालणारी. उतारावर लाल काड्यांचं डॉगवुड. काठावर तलवारीसारख्या पानांची नेचं. सगळी इथलीच. मुळं माती पोकळ ठेवतात, म्हणून झाडं हवीत; शोभा नंतरची.

आता हे दृश्य. हे आमच्या कॅमेऱ्यात योगायोगानं आलं.

(दृश्य : वाफ्याच्या खणलेल्या तळावरून जाणारं जड यंत्र. चाकांच्या खुणा.)

दोन फेऱ्या, बस. तळ दाबला गेला. परवाना पूर्ण, आराखडा बरोबर, सही झालेली. पण जमिनीचं तोंड बंद. आम्ही काम थांबवायला लावलं. तळ पुन्हा खरवडून मोकळा केला, आणि पुढची माती यंत्र काठावर उभं करून, लांब हातानं टाकली. अर्धा दिवस गेला. ठेकेदार नाराज झाला. मी तो अर्धा दिवस पुन्हा मागेन.

(दृश्य : महामार्ग. ओल्या रस्त्यावरची चाकं. तुषार.)

२०००च्या आसपास सिएटलचे ओढे दुरुस्त झाले, सॅमन परतले, आणि लोकांना दिसलं की कोहो अंडी घालण्याआधीच मरतायत. शहरी ओढ्यांत शंभरातले चाळीस ते नव्वद. कशानं, ते कळत नव्हतं. पाऊस पडला की मरतात, एवढंच.

वॉशिंग्टन राज्य विद्यापीठाच्या प्युअलप केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महामार्गावरचं पाणी जमा केलं. ते तसंच दिलं, तर मासे काही तासांत मेले. तेच पाणी वाळू-कंपोस्टच्या स्तंभातून गाळून दिलं, आणि मासे जगले. मोठ्या माशांवरचे प्रयोग सुक्वामिश या इथल्या मूळनिवासी जमातीच्या मत्स्यबीज केंद्रात झाले. या माशांवरचा इथल्या जमातींचा हक्क १८५५च्या करारात लिहिलेला आहे.

मारणारं रसायन सापडलं त्यानंतर, डिसेंबर २०२०मध्ये. टायर चिरू नये म्हणून रबरात ६पीपीडी घालतात. हवेतल्या ओझोनशी त्याची गाठ पडली की ६पीपीडी-क्विनोन होतं. टायर झिजतो, कण रस्त्यावर पडतात, पाऊस ते ओढ्यात नेतो. परवान्यातल्या कुठल्याच रकान्यात तेव्हा हे नाव नव्हतं. वाफ्यातली माती ते नाव कळण्याआधीपासून धरत होती.

(दृश्य : हाय पॉइंट वसाहत. फुटपाथ आणि रस्त्यामधले हिरवे चर. सायकलवरची मुलं. खाली तळं, काठावर बाकं.)

हाय पॉइंट. १९४२ साली युद्धकाळातल्या कामगारांसाठी बांधलेली वस्ती, या शतकाच्या सुरुवातीला नव्यानं उभारलेली. १२० एकर, ३४ ब्लॉक. प्रत्येक गल्लीला चर, काही ठिकाणी पाणी पिणारं काँक्रीट, आणि सगळ्यांच्या खाली हे तळं. माथ्यापासून पायथ्यापर्यंत. परवान्यात सक्ती यायच्या कितीतरी आधी केलेलं. तळ्याभोवती माणसं फिरायला येतात. चरांमध्ये शरद ऋतूत पानं अडकतात, ती दरवर्षी हातानं काढावी लागतात.

इथलं पाणी लाँगफेलो क्रीकला जातं. ओढ्याच्या पाणलोटातला हा जवळपास दहावा हिस्सा. बाकीच्या बहुतेक भागात रस्ते जुने आहेत, नळ जुने आहेत, आणि बांधकाम नवं नसल्यामुळे परवान्याची अट तिथे लागत नाही.

(दृश्य : पुन्हा ओढा. संध्याकाळ. रेनकोटातले दोन स्वयंसेवक, गुडघाभर पाण्यात.)

सांगाड्याच्या पुलाच्या वरच्या अंगाला मादी सापडली. हंगामात स्वयंसेवक मेलेला प्रत्येक मासा उचलतात, लांबी मोजतात, आणि पोट उघडून पाहतात, अंडी घालून झाली होती का.

(दृश्य : हातमोजे. चाकू. केशरी अंडी. वहीतला रकाना, त्यावर पडणारे थेंब. निवेदन नाही.)