केवडा पडलेली भेंडी आणि आपल्या अंगातला ताप

श्रोतेहो, नमस्कार.

मागच्या एप्रिलमध्ये आमच्या नौपाड्यातल्या इमारतीच्या गच्चीवर शेजारच्या काकूंच्या भेंडीवर केवडा पडला, म्हणजे पानं पिवळी पाडणारा विषाणूचा रोग. एक पान खुडून मी उन्हासमोर धरलं. शिरांचं सगळं जाळं हळदीसारखं पिवळंजर्द, मधले तुकडे मात्र अजून हिरवे. पान उलटलं, तर मागे तांदळाच्या कणीहून बारीक पांढऱ्या माशा. बोट लागताच भुर्रकन उडाल्या. हा विषाणू एका रोपावरून दुसऱ्यावर नेते ती हीच पांढरी माशी. काकूंनी काळजीने विचारलं, "अगं, या शेंगा नातवंडांना घातल्या तर काही होईल का गं?"

काही होत नाही. माणसाच्या पेशीत शिरायची किल्लीच वनस्पतींच्या विषाणूंकडे नसते. मिरचीवरचा एक विषाणू तर लाल तिखटातून, सॉसमधून आपल्या पोटात जातो आणि तसाच बाहेर पडतो. पाण्यात माणसाची विष्ठा मिसळली आहे का, हे तपासताना शास्त्रज्ञ त्याचाच माग काढतात.

काकूंचं समाधान झालं, पण मी त्या पानापाशीच थांबले. झाडाला रक्त नाही, पांढऱ्या पेशी नाहीत, विषाणूला पकडणारी प्रथिनं, म्हणजे प्रतिपिंडं नाहीत. मग ते विषाणूशी लढतं कसं?

१९२८ साली अमेरिकेत विंगार्ड नावाच्या संशोधकाने तंबाखूच्या रोपांना मुद्दाम रिंगस्पॉट, म्हणजे पानांवर गोल कड्यांसारखे डाग पाडणाऱ्या विषाणूची लागण केली. खालची पानं करपली. वर नव्याने फुटलेली पानं मात्र निरोगी दिसली, आणि त्यांना पुन्हा तोच विषाणू लावला तरी रोग दिसेना. खालच्या पानांनी वरच्यांना काहीतरी सांगितलं होतं. काय सांगितलं, हे उलगडायला सत्तर वर्षं गेली.

१९९९ मध्ये इंग्लंडमधल्या नॉर्विच इथे अँड्र्यू हॅमिल्टन आणि डेव्हिड बॉलकोम्ब यांना झाडांच्या पेशींत आरएनएचे, म्हणजे डीएनएसारखाच जनुकीय मजकूर वाहणाऱ्या धाग्याचे, चिमुकले तुकडे सापडले, जेमतेम २५ अक्षरांचे. बहुतेक वनस्पती-विषाणूंचा मजकूर आरएनएमध्ये असतो. त्याच्या नकला निघताना दोन धागे एकमेकांना चिकटतात. असा लांबलचक दुपदरी आरएनए दिसला, की झाड ओळखतं, घरात चोर शिरला. एक प्रथिन त्याचे कातरून तुकडे करतं. दुसरं प्रथिन त्यातला एक तुकडा नमुना म्हणून हाती धरतं आणि तसाच मजकूर जिथे दिसेल तिथे कापत सुटतं. अन्नरस वाहणाऱ्या नळ्यांतून ही खबर पुढच्या पानांकडे जाते. विंगार्डची वरची पानं सावध झाली ती अशी. मला हे दर वेळी नव्याने थक्क करतं. जागचं हलूही न शकणारं झाड चोराच्याच कपड्याची चिंधी घेऊन त्याला शोधतं!

विषाणूही गप्प बसत नाही. मावा किडीमुळे पसरणाऱ्या पपईच्या रिंगस्पॉट विषाणूकडे असं एक प्रथिन आहे, जे झाडाची ही यंत्रणाच अडवतं.

आता आपल्याकडे पाहा. १९५७ मध्ये लंडनला आयझॅक्स आणि लिंडेनमान यांनी कोंबडीच्या अंड्यातल्या आवरणावर प्रयोग करताना इंटरफेरॉन शोधलं. आपल्या पेशीलाही चोर कळतो तो बऱ्याचदा त्याच खुणेवरून, दुपदरी आरएनएवरून. पुढची वाट मात्र वेगळी. आपली पेशी इंटरफेरॉन सोडते, म्हणजे शेजारपाजारच्या पेशींना ओरडून सांगते, "दारं लावा!" फ्लूच्या पहिल्या दिवशी अंग मोडून येतं, कणकण वाटते, त्यात या आरडाओरड्याचा मोठा वाटा असतो. प्रतिपिंडं नंतर येतात, काही दिवसांनी. ती सोय झाडाकडे नाही.

झाडांत आणि कृमींत दिसलेल्या या कातरकामावरूनच पुढे औषधं निघाली. २०१८ मध्ये मज्जातंतूंच्या एका आनुवंशिक आजारावर असं पहिलं औषध अमेरिकेत मंजूर झालं. कोलेस्टेरॉल कमी करणारं, वर्षातून दोनदा टोचायचं इंजेक्शनही याच जातकुळीतलं.

काकूंच्या भेंडीला मात्र विंगार्डच्या तंबाखूसारखं नशीब लाभलं नाही. वरची पानंही पिवळीच फुटत राहिली. केवडा एकदा पडला की रोप सहसा सावरत नाही, आणि ते ठेवलं तर माशी तिथून शेजारच्या कुंडीत जाते. म्हणून मी काकूंना म्हटलं, "शेंगा भाजीला काढून घ्या आणि रोप आजच उपटा." त्या संध्याकाळी आम्ही दोघींनी मिळून चार रोपं उपटली आणि उरलेल्या दोन रोपांच्या मध्ये चिकट पिवळा सापळा टांगला.