आबांच्या पडद्याचं माप

(दृश्य: उद्यमनगर, सकाळ. अर्धं वर गेलेलं शटर, लेथ सुरू झाल्याचा आवाज.)

हा आवाज कोल्हापूरच्या उद्यमनगरात, या कारखान्यांच्या वस्तीत, कुठल्याही बोळात शिरलात तरी कानावर येणारच. लेथवर उभे आहेत ते माझे आबा, वय 67, आणि हातात आहे तो मायक्रोमीटर, बारीक जाडी मोजायचं साधन, त्यांच्याकडं तो चाळीसेक वर्षं आहे. जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, फिरवायचा, थांबवायचा, मायक्रोमीटर लावायचा, रॅचेट कट कट कट वाजेपर्यंत फिरवायचं आणि आकडा वाचायचा. पॉइंट झिरो वन, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, म्हणजे 10 मायक्रॉन. शाफ्टवर बेअरिंग बसतं ती जागा एवढी नेमकी नसली तर पंप दोन महिन्यांत आवाज करायला लागतो, हे मी लहानपणापासून ऐकत आलोय.

गेल्या पावसाळ्यात आबांना मायक्रोमीटरवरच्या रेघा वाकड्या दिसायला लागल्या. कोरलेली सरळ रेघ, पण मधेच लाट आल्यासारखी. आबा म्हणाले, "नंबर वाढला असंल." चष्मा बदलला, दोन महिन्यांत परत बदलला, शुगर आहे का हे कुणी विचारलं नाही आणि आम्हीही आपणहून सांगितलं नाही. शुगर चौदा वर्षांची. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, 2023 साली छापून आलेल्या अभ्यासात देशात 10 कोटींच्या वर लोकांना मधुमेह असल्याचं म्हटलंय, त्यातले आमचे आबा एक, आणि शुगरचा डोळ्याच्या पडद्याशी संबंध असतो हे घरात सगळ्यांना माहीत होतं, तरी वाकडी रेघ आणि शुगर यांची सांगड घालायला आम्हाला चार महिने लागले. ते चार महिने मला अजून टोचतात.

(दृश्य: राजारामपुरीतला एक दवाखाना. अंधारी खोली, मशीनचा छोटा पडदा.)

इथं आत जाताना आबा घाबरले होते, ते लेझर या शब्दामुळं. गल्लीतल्या कुणीतरी सांगितलेलं, लेझर मारतात, डाग पडतात. तर हे आधीच सांगून टाकतो, कारण हा गोंधळ लई जणांचा होतो. पडद्यावर उपचार करायचा लेझर वेगळा, तो मुद्दाम छोटे चटके देतो. बघायचा आणि मोजायचा लेझर वेगळा, तो इतका मंद असतो की पडद्याला काहीच होत नाही. आबांना फक्त आतला एक निळा ठिपका दिसला.

"काका, हनुवटी इथं ठेवा, कपाळ पुढं लावा. ठिपक्याकडंच बघा हं, आता पापणी नका हलवू."

झालं. एका डोळ्याला मिनिटभरसुद्धा लागलं नाही.

त्या वेळात आत काय घडलं ते सांगायला कोल्हापूरकरांना मी आपल्या देवळातच नेणार. किरणोत्सव बघितलाय ना? नोव्हेंबरच्या 9, 10, 11 ला आणि 31 जानेवारी, 1, 2 फेब्रुवारीला मावळतीचं ऊन महाद्वारातून आत येतं, गरुड मंडप, पितळी उंबरा करत करत पहिल्या दिवशी अंबाबाईच्या पायावर, मग वर, आणि सगळं जुळलं तर तिसऱ्या दिवशी चेहऱ्यापर्यंत. एवढ्या लांबून येणारं ऊन, पण दारं एका रेषेत आहेत म्हणून नेमकं तेवढंच आत पोचतं, आजूबाजूचं सगळं बाहेर राहतं.

डोळ्याचं तसंच आहे. बाहुली हे महाद्वार, पडदा हा गाभारा. आता डोळ्यात नुसती बॅटरी मारली तर बुबुळावरून, भिंगावरून, सगळीकडून उजेड परत येतो आणि पडद्याचं चित्र धुरकट होतं. हर्मन फॉन हेल्महोल्ट्झनं 1851 मध्ये डोळ्याच्या आत बघायचं पहिलं उपकरण जगापुढं मांडलं, तेव्हापासून डॉक्टर या परतणाऱ्या उजेडाशी झगडत आलेत. मग 1980 मध्ये बोस्टनच्या रॉबर्ट वेब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलटा विचार केला. सगळा पडदा एकदम उजळायचाच नाही. लेझरचा एकच बारीक ठिपका घ्यायचा आणि तो पडद्यावरून फिरवायचा, उसाच्या रानात सरी पाडतात तसं, एक सरी संपली की शेजारची दुसरी, आणि प्रत्येक जागेवरून किती उजेड परत आला ते टिपत जायचं. पुढं परतीच्या वाटेवर एक बारीक भोक ठेवलं. ज्या खोलीवर नेम धरलाय तिथूनच आलेला उजेड त्या भोकातून नीट पार होतो, पुढच्या मागच्या थरांतला बराचसा अडतो. एका रेषेतली दारं, अगदी तीच गोष्ट. नेम थोडा थोडा खोल नेत अशी चित्रं एकावर एक घेतली की पडद्याचे चढउतार मोजता येतात. काचबिंदूमध्ये डोळ्याच्या नसेला खड्डा पडत जातो, त्याची खोली पुष्कळ वर्षं अशीच मोजली गेली.

किरणोत्सवात ढग आले, धूळ उठली की किरणं गाभाऱ्यापर्यंत येत नाहीत, तसंच पिकलेला मोतीबिंदू असला की स्कॅनसुद्धा नीट येत नाही.

(दृश्य: मॉनिटरवर पडद्याचा आडवा छेद, करड्या थरांच्या लाटा.)

आबांच्या पडद्याची जाडी मोजली ती ओसीटीनं, म्हणजे ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफीनं, प्रकाशानं पडद्याचा आडवा छेद दाखवणाऱ्या पद्धतीनं. 1991 साली अमेरिकेत डेव्हिड हुआंग, जेम्स फुजिमोटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत पहिल्यांदा छापली. डोळ्यात प्रकाश सोडायचा आणि कुठल्या थरावरून तो किती उशिरा परत आला ते बघायचं, विहिरीत हाक मारून खोली ओळखावी तसं. पण प्रकाश सेकंदाला 3 लाख किलोमीटर जातो, एवढासा उशीर मोजणारं घड्याळ कुठून आणणार? म्हणून प्रकाशाचे दोन वाटे करतात, एक डोळ्यात, एक आरशावर, आणि दोन्ही परत आले की एकमेकांत मिसळू देतात. रंकाळ्यात दोन खडे टाकले की तरंग एकमेकांत जाऊन नक्षी होते ना, त्या नक्षीवरून मशीन थर ओळखतं. (बऱ्याच ओसीटीमध्ये हा प्रकाश लेझरचा नसून खास डायोडचा असतो, स्वेप्ट सोर्स नावाच्या नव्या प्रकारच्या मशीनमध्ये मात्र लेझरच असतो.) 2002 च्या सुमाराची मशीनं पडद्याच्या खोलीत जाणाऱ्या अशा सेकंदाला 400 रेघा घ्यायची, आता हजारोंनी घेतात. आणि आबा बसले त्या मशीनमध्ये दोन्ही आहेत, लेझर पडद्याचं चित्र घेऊन डोळा कुठं हलला त्यावर लक्ष ठेवतो आणि ओसीटी मोजत राहतं, त्यामुळं डोळा जरा सरकला तरी माप त्याच जागेचं येतं.

हे टेक्निशियन मुलीनं सांगितल्यावर आबांनी विचारलं, "पोरी, किती बारीक मोजतंय हे?"

"पाच ते सात मायक्रॉन, काका."

आबा गप्प बसले, मग माझ्याकडं वळून म्हणाले, "आपल्या मायक्रोमीटरपेक्षा बारीक हाय की रं. आनि हात न लावता."

तिथून पुढं त्यांची भीती गेली, खरंच सांगतो. डॉक्टरांनी प्रिंट पुढं ठेवली, मधे गोल, भोवती दोन कडी, सगळी मिळून नऊ खणं आणि प्रत्येक खणात जाडीचा आकडा. मधला गोल 1 मिलिमीटरचा, आपण वाचतो, दोरा ओवतो, माणूस ओळखतो ते सगळं तिथून. त्या मशीनवर तिथली जाडी साधारण पावणेतीनशे मायक्रॉनच्या आसपास असते, म्हणजे जेमतेम पाव मिलिमीटर. आबांच्या उजव्या डोळ्यात होती 438. शुगरनं बारीक रक्तवाहिन्या पाझरायला लागल्या होत्या, पडद्याला सूज होती, छेदाच्या चित्रात काळे काळे पोकळ फुगे दिसत होते. रेघा वाकड्या का दिसत होत्या ते तिथं समोर होतं.

डाव्या डोळ्याचा आकडा मात्र पहिल्यांदा भलताच आला. आबा म्हणाले, "झिरो एरर असंल," म्हणजे चूक जॉबची नाही, मापाचीच. आणि तसंच निघालं! मशीन पडद्याच्या वरची आणि खालची कड स्वतःच आखतं आणि मधलं अंतर मोजतं, पापणी लवल्यामुळं त्यातली एक रेघ चुकीच्या जागी बसली होती. परत स्कॅन घेतला, 271. नुसता आकडा बघून डॉक्टर निर्णय घेत नाहीत ते याचसाठी, आधी ती रेघ कुठं बसलीय ते बघतात.

आणखी एक गोष्ट, ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. दोन कंपन्यांची मशीनं एकाच डोळ्याची जाडी वेगवेगळी दाखवतात, काही वेळा 60-70 मायक्रॉनचासुद्धा फरक पडतो, कारण खालची कड कुठं धरायची हे प्रत्येकाचं वेगळं आहे. म्हणून एका ठिकाणचा रिपोर्ट घेऊन दुसऱ्या ठिकाणच्या आकड्याशी थेट तुलना करू नका, जमेल तितकं त्याच मशीनवर जा आणि जुने सगळे प्रिंट सोबत ठेवा. आबांना हे समजवावं लागलं नाही, ज्या गेजनं पहिला जॉब मोजला त्याच गेजनं शेवटचा मोजायचा हे त्यांचं आयुष्यभराचं काम.

सूज उतरवायला डॉक्टरांनी डोळ्यात इंजेक्शन सांगितलं, ते ऐकून आई रडली. पण भूल द्यायचे थेंब घालतात आणि सुई टोचायला काही सेकंद लागतात. महिन्याला एक असं सुरू झालं, शुगर आटोक्यात ठेवायची ती वेगळीच. प्रत्येक वेळी स्कॅन. 438 चे 381 झाले, मग 322. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, जाडी उतरली म्हणून नजर तेवढीच परत येईल असं नाही, आतल्या पेशींना किती मार बसलाय त्यावर आहे. आबांची बरीच आली, सगळी नाही. उजव्या डोळ्यात रेघ अजून किंचित हलते.

(दृश्य: परत वर्कशॉप. लाकडी पेटी, तिच्यात तेलाचे डाग पडलेली वही.)

ही जॉबची वही. डावीकडं पार्टीचं नाव, उजवीकडं मापं. मधल्या एका पानावर आबांनी शिसपेन्सिलनं स्वतःचं नाव घातलंय आणि खाली तारखा.

उजवा 438. उजवा 381. उजवा 322. उजवा 298.

डावा 271, दर वेळी त्याच्या पुढं बरोबरची खूण.

पुढची तारीख 12 नोव्हेंबर, शेजारचा रकाना मोकळा आहे.